वेसण की फाटक? विषाणूला अडवणाऱ्या अँटीबॉडीज

नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करणारी माझी भाची सेमिनारच्या विषयावर अडून बसली होती. रक्तस्रावी तापाच्या विषाणूंना पेशीत शिरू न देणाऱ्या अँटीबॉडीज (नेमक्या लक्ष्याला चिकटणारी प्रथिनं), इथवर ठरलेलं. पुढे दोन वाटा. अँटीबॉडी विषाणूला चिकटवायची, की पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे विषाणू ज्यातून आत शिरतो त्या दाराला? मोकाट वळूला वेसण घालायची, की शेताचं फाटक लावायचं?

वेसणीकडे इबोला. काँगोतल्या किक्विट शहरातल्या १९९५च्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तपेशींतून एमएबी११४ ही अँटीबॉडी मिळाली. काँगोतल्या २०१८-१९च्या चाचणीत ती दिलेल्यांत मृत्युप्रमाण ३५ टक्के, तीन अँटीबॉडीजच्या आरईजीएन-ईबी३ मिश्रणावर ३४, तर तुलनेला ठेवलेल्या झीमॅप या आधीच्या अँटीबॉडी-मिश्रणावर ५०. २०२०मध्ये पहिल्या दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली, अर्थात इबोलाच्या झाईर या प्रकारापुरतीच. गंमत अशी, की इबोलाचं फाटक, एनपीसी१ हे प्रथिन, पेशीच्या आतल्या पिशवीत असतं; बाहेरून तिथं हातच पोचत नाही. एमएबी११४ विषाणूला धरून आत जाते, तिथल्या आम्लातही पकड सोडत नाही आणि ऐन दारात त्याला अडवते. फळ्यावर काढायला याहून चांगली आकृती मला तरी माहीत नाही.

फाटकाकडे दक्षिण अमेरिका. जुनिन, माचुपो ही तिथल्या रक्तस्रावी तापांच्या विषाणूंची मंडळी ट्रान्सफेरिन रिसेप्टर १ मधून शिरतात. पेशी लोह घेते ती हीच वाट. फाटक एक, वळू अनेक, म्हणून मोह होतो. पण ते सरसकट लावलं तर घरच्या गाईनं जायचं कुठून? सीएच१२८.१ ही अँटीबॉडी लोह आणणाऱ्या ट्रान्सफेरिनला न अडवता विषाणू रोखते खरी, पण पुरावा पेशी आणि उंदरांपुरता. जुनिनवर माणसांत चाललाय तो बरे झालेल्यांचा प्लाझ्मा, म्हणजे अँटीबॉडीज असलेला रक्तद्रव: १९७९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यू १६.५ टक्क्यांवरून १.१ वर आले. त्यातल्या अँटीबॉडीज विषाणूलाच धरतात, म्हणजे तीही वेसणच.

"मामा, मग क्रिमियन-काँगो ताप का नको? गोचीड तर आपल्याच शेळ्यांना हायत की!"

बरोबर होतं तिचं. आमची आई शेळीच्या कानातली गोचीड नखानं उपटून बोटांतच चिरडते. हा आजार भारतात २०११मध्ये गुजरातेत पहिल्यांदा निश्चित झाला, आणि तो पसरतो तो गोचिडीतून, जनावराच्या रक्तातून. पण त्याच्याविरुद्धची १३जी८ ही अँटीबॉडी विषाणूचा प्रवेश न रोखताच उंदरांना वाचवते! सेमिनारच्या नावालाच सुरुंग. वीस मिनिटांत कसं निस्तरणार?

शेवटी तिनं इबोला घेतला. आजीला मात्र त्याच आठवड्यात चिमटा आणि हातमोजे आणून दिले.