तांबोशी चविष्ट आहे, पण ती आली कुठून? घरपोच मासळी सेवेचा अनुभव

कोथरूड भागात घरपोच मासळी देणाऱ्या एका सेवेकडून गेल्या दोन महिन्यांत मी पाच वेळा मासे मागवले. स्वच्छता, वजन आणि वेळ या तिन्ही बाबतींत माझी काहीही तक्रार नाही. बांगडे अखंड मागवले तर कल्ले लालभडक असतात, आणि साफ करून मागवले तर पोटात काळा पडदा राहिलेला नसतो. दर गणेश पेठेतल्या मासळी बाजारापेक्षा चढा आहे. रविवारी तिथल्या गर्दीत न जाण्याची ती किंमत समजावी.

हरकत आहे ती तांबोशीच्या पाकिटाला. त्यावर वजन, तारीख, इतकेच काय, रश्शाची कृतीही छापलेली असते. मासा कोणत्या पाण्यातला, हे मात्र नसते. फोनवर विचारले तेव्हा "समुद्रातलाच आहे, सर" असे उत्तर मिळाले. व्यवस्थापकांनी नंतर सौजन्याने सांगितले की मोठी तांबोशी आणि हेकरू कधी कोकणातून तर कधी लक्षद्वीपकडून येतात आणि तुकड्या एकत्रच भरल्या जातात.

हा चोखंदळपणा वाटेल, पण त्यामागे कारण आहे. प्रवाळांवर गॅम्बियरडिस्कस नावाचे सूक्ष्म शैवाल वाढते आणि त्याच्या काही जाती विष तयार करतात. शैवाल खाणाऱ्या लहान माशांतून ते विष तांबोशी, हेकरू यांसारख्या शिकारी माशांत साठत जाते आणि ते खाणाऱ्या माणसाला सिग्वाटेरा नावाची विषबाधा होते: आधी उलट्या-जुलाब, मग ओठांना आणि बोटांना मुंग्या, आणि थंड पाण्याचा स्पर्श चटका बसल्यासारखा जाणवणे. या विषाला वास नाही, चव नाही. ते तळून जात नाही आणि बर्फात ठेवूनही जात नाही. म्हणजे ज्या ताजेपणासाठी आपण या सेवेला जादा पैसे मोजतो, त्याचा इथे उपयोग शून्य. 2016 मध्ये मंगळुरूला तांबोशीच्याच कुळातल्या माशांची डोकी खाऊन अनेक जण आजारी पडले होते, तेव्हा ही केवळ दूरच्या बेटांवरची गोष्ट राहिलेली नाही.

जागा महत्त्वाची ठरते ती माणसाच्या ढवळाढवळीमुळे. जिवंत प्रवाळावर हे शैवाल सहसा टिकत नाही; त्याला मेलेल्या प्रवाळावर उगवलेल्या शेवाळाचा आधार लागतो. बंदरासाठी केलेले खोदकाम, सुरुंग, नांगरांचे घाव, सांडपाणी आणि शेवाळ चरणाऱ्या माशांची बेसुमार मासेमारी यांतून असा आधार तयार होतो. नव्याने उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचा हा मुद्दा मत्स्यशास्त्रज्ञ जॉन रँडल यांनी 1958 मध्येच मांडला होता. पुढे 1960 च्या दशकात फ्रान्सने अणुचाचण्यांसाठी फ्रेंच पॉलिनेशियातील हाओ बेटावर तळ बांधला आणि त्यानंतर तिथे अशा विषबाधा वाढल्या. लक्षद्वीपच्या प्रवाळांना 1998, 2010 आणि 2016 मध्ये तापलेल्या पाण्याने विरंजनाचा, म्हणजे प्रवाळ पांढरे पडून मरण्याचा, फटका बसला. तोही शेवटी माणसाच्याच खात्यात जातो. अर्थात मोडलेली प्रत्येक प्रवाळभित्ती विषारी होत नाही, कारण तिथे शैवालाची कोणती जात रुजते यावर बरेच अवलंबून असते. दोन शेजारच्या भित्तींवरचे मासे याबाबतीत अगदी वेगळे निघू शकतात. म्हणूनच "लक्षद्वीप" एवढा एक शब्दही पुरेसा नाही, पण निदान सुरुवात तरी आहे.

गणेश पेठेतला माझा नेहमीचा विक्रेता मासा रत्नागिरीचा की वेरावळचा, हे न विचारता सांगतो. अॅपवर तेवढीच एक ओळ वाढवायला फार खर्च येऊ नये.

बांगडा, बोंबील आणि पापलेट हे प्रवाळांवर वाढणारे मासे नसल्याने ते मी या सेवेकडून निःशंक मागवतो आणि त्यांना पाचपैकी साडेचार गुण देतो. मोठ्या तांबोशीला दोनच, तेही चवीसाठी. तिचे डोके, काळीज आणि गाभोळी, जिथे हे विष अधिक साठते, ती मी सध्या घेत नाही. पाकिटावर जागा छापण्याविषयी व्यवस्थापकांनी "वर कळवतो" असे म्हटले आहे. कालच्या पाकिटावर मात्र अजून रश्शाची कृतीच होती.