सारखे भार एकमेकांना का लोटतात? बलवाहक कणांवरील एका ऑनलाइन वर्गाविषयी

सारखे विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात आणि वस्तुमाने एकमेकांना ओढतात, हे आपण शाळेतच पाठ करतो. परंतु दोन्ही बले अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असताना त्यांची दिशा उलट का, हा प्रश्न पदवीच्या वर्गातही क्वचितच निघतो. एका खासगी संस्थेच्या आठ सत्रांच्या सशुल्क वर्गात त्याचे उत्तर बलवाहक कणाच्या, म्हणजे ज्याच्या देवाणघेवाणीतून बल निर्माण होते त्या कणाच्या, स्पिनमध्ये (अंगभूत कोनीय संवेगामध्ये) शोधले आहे, आणि एकट्या तिसऱ्या सत्रासाठीही मी हे शुल्क पुन्हा आनंदाने भरेन.

त्या सत्रात शिक्षकांनी फळ्यावर स्थिर असलेले दोन सारखे भार काढले आणि केवळ चिन्हांचा हिशेब मांडला. स्पिन 0 असलेल्या कणाच्या देवाणघेवाणीतून आकर्षण निघते. स्पिन 1 असलेल्या, विद्युतबल वाहणाऱ्या फोटॉनच्या (प्रकाशकणाच्या) बाबतीत काळाचा एक निर्देशांक (काळाची दिशा दर्शवणारी खूण) मध्ये येतो, अवकाशकाळाच्या मापनात काळाचे चिन्ह अवकाशाच्या उलट असल्यामुळे उत्तराचे चिन्ह पालटते आणि अपकर्षण मिळते. स्पिन 2 असलेल्या ग्रॅव्हिटॉनसाठी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या कल्पित वाहकासाठी, असे दोन निर्देशांक येतात, चिन्ह दोनदा पालटते आणि पुन्हा आकर्षणच उरते. इतकी वर्षे पाठ असलेली गोष्ट त्या तीन ओळींत मला पहिल्यांदा समजली.

मग गुरुत्वाकर्षणासाठी स्पिन 0 का चालत नाही, या रास्त शंकेलाही त्यांनी पुरेसा वेळ दिला. तसा कण ऊर्जा-संवेग टेन्सरच्या (ऊर्जा आणि संवेग मांडणाऱ्या तक्त्याच्या) ट्रेसशी, म्हणजे कर्णावरील घटकांच्या बेरजेशी, जोडला जातो आणि प्रकाशासाठी तो ट्रेस शून्य असतो. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ नॉर्डस्ट्रॉम यांच्या 1913 च्या, अशाच स्पिन 0 प्रकारच्या गुरुत्वसिद्धांतात सूर्याजवळून जाणारा प्रकाश वळतच नाही, तर 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात तो वळलेला दिसला.

पाचव्या सत्राबद्दल मात्र माझी तक्रार आहे. जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकावांनी 1935 साली मांडलेल्या कल्पनेवरून बलाचा पल्ला वाहकाच्या वस्तुमानावर ठरतो, आणि अणुकेंद्रातील बल वाहणाऱ्या पायॉनसाठी तो सुमारे 1.4 फेम्टोमीटर येतो, हे नीट सांगितले. पण स्पिन 0 म्हणून पायॉनचे बल सरसकट आकर्षक असल्याचे जे विधान केले, ते चुकीचे आहे. पायॉन हा स्यूडोस्केलर (आरशातील प्रतिमेत चिन्ह पालटणारा) असल्याने त्याचे बल न्यूक्लिऑनांच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या) स्पिनच्या दिशांवर अवलंबून असते. शिवाय अगदी जवळच्या अंतरावरील अपकर्षण स्पिन 1 असलेल्या ओमेगा मेसॉन या दुसऱ्या वाहक कणाच्या आधारे समजावण्याची उत्तम संधी तिथे होती, ती हुकली.

विशेष सापेक्षतावाद आणि टेन्सरांची तोंडओळख असल्याशिवाय नाव नोंदवू नये. पहिल्या दोन सत्रांतील उजळणी त्यासाठी पुरत नाही.