रिव्हर्स लाइटचा दोष शोधायला मल्टिमीटर बरा की टेस्ट लॅम्प?

जुन्या गाडीची रिव्हर्स लाइट बंद पडली की दोष असण्याच्या जागा मोजक्याच असतात: बल्ब आणि होल्डर, फ्यूज, गिअरबॉक्सवरचा स्विच, डिकीच्या बिजागरीपाशी वाकणारी वायर आणि अर्थिंग, म्हणजे दिव्याची गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी. दोन्ही दिवे एकदम गेले तर आधी फ्यूज नि स्विच, एकच गेला तर बल्ब, होल्डर आणि त्या बाजूचं अर्थिंग, इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते त्यापुढे. वायरीत कुठेतरी खोट आहे, ती शोधायला हातात काय घ्यायचं, व्होल्टेज आणि रोध मोजणारा मल्टिमीटर की वायरीला टेकवून पेटतो का ते पाहायचा दिवा, म्हणजे टेस्ट लॅम्प? दोन्ही वस्तू घरात असल्या तर उत्तमच. एकच घ्यायची असेल, तर माझं मत हळूहळू टेस्ट लॅम्पकडे झुकत गेलं आहे. मल्टिमीटर वाईट आहे म्हणून नव्हे. या विशिष्ट कामात तो एका जागी फसवतो म्हणून.

ती जागा नीट पाहू. चावी ऑन, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला उटी लावलेली, गिअर रिव्हर्समध्ये. होल्डरमधून बल्ब काढून मीटरची लाल पिन मधल्या संपर्कावर आणि काळी पिन बॉडीवर टेकवली. मीटर म्हणतो १२.३ व्होल्ट. म्हणजे सप्लाय ठीक. नवा बल्ब लावला, लागत नाही. मग अर्थिंगवर संशय, ते घासून झालं, तरी लागत नाही. मग होल्डर बदलला जातो. दोष मात्र बिजागरीतल्या वायरीत तसाच असतो: वरचं आवरण शाबूत, आत तांब्याचे धागे तुटलेले आणि त्यांची टोकं हिरव्या गंजातून एकमेकांना जेमतेम टेकलेली.

मीटर इथे खोटं बोलत नाही, त्याला वायरीवर भार टाकताच येत नाही. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे त्यातून जेमतेम एक मायक्रोअँपिअर करंट वाहतो. गंजलेल्या जागी १०० ओहमचा रोध असला तरी एवढ्या करंटला तिथे व्होल्टेज पडतच नाही, आणि मीटरवर पूर्ण बारा दिसतात. त्याच वायरीला २१ वॅटचा बल्ब जोडला तर त्याला पावणेदोन अँपिअर लागतात. १०० ओहममधून जास्तीत जास्त ०.१२ अँपिअर मिळणार. फिलामेंट लालसुद्धा होत नाही. जुन्या गाडीत दोष बहुधा याच जातीचा असतो. वायर पूर्ण तुटलेली क्वचित, कमजोर झालेली नेहमी.

वायर जोडलेली असली की वाजणाऱ्या मीटरच्या बीपरचंही तसंच. बरेच मीटर वीस-तीस ओहमपर्यंत बिनधास्त वाजतात. रिव्हर्स स्विचच्या दोन पिनांवर 'टी' वाजलं म्हणून स्विच चांगला ठरत नाही. बीप बंद करून ओहम वाचावेत, आणि आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून मीटरच्या वायरींचा स्वतःचा आकडा वजा करावा. चांगल्या स्विचवर मग अर्ध्या ओहमच्या आतच काहीतरी उरायला हवं.

आता टेस्ट लॅम्प. पण कोणता? मूठ, टोकदार सुई आणि आत लहानसा दिवा असलेला तयार टेस्टर पाच वॅटचा किंवा त्याहून कमी असतो. सप्लाय आहे की नाही एवढं तो सांगतो, पण वायरीत तीन ओहमचा रोध असला तर त्याचा उजेड डोळ्याला फरक कळण्याइतका उतरत नाही. एलईडीचा टेस्टर तर मीटरच्याच पंगतीतला, भार जवळजवळ शून्य. म्हणून लॅम्प घरीच बनवलेला बरा. १२ व्होल्ट २१ वॅटचा, एका फिलामेंटचा, म्हणजे रिव्हर्स लाइटचाच बल्ब. त्याला साजेसा होल्डर. एक चौरस मिलिमीटरची दोन मीटर वायर. एका टोकाला क्रोकोडाइल क्लिप, दुसऱ्याला पिन. मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज. तीन ओहमचा रोध असलेल्या वायरीवर हा लॅम्प पाव उजेडावर येतो. डोळ्यांना लगेच दिसतं. आधी थेट बॅटरीवर टेकवून पूर्ण उजेड कसा असतो ते पाहून ठेवा. भर उन्हात अंदाज चुकतो, तेव्हा हाताची सावली धरा. बल्ब चांगलाच तापतो. डिकीतल्या कार्पेटवर किंवा प्लॅस्टिकवर ठेवू नका.

अर्थिंग तपासायला क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि पिन होल्डरच्या अर्थ पट्टीवर. पूर्ण उजेड पडला की अर्थिंगचा विषय मिटला. वायर आखूड पडली तर जवळचा खात्रीचा पॉझिटिव्ह घ्या. ब्रेक दाबल्यावर रिव्हर्स लाइट मिणमिणत असेल, तर दुसरीकडे कुठे शोधण्याआधी हेच करावं.

स्विचच्या जागी या लॅम्पचा उपयोग आणखी खुलतो. मॅन्युअल गिअरबॉक्सवर रिव्हर्स स्विचचं कनेक्टर बहुधा दोन पिनांचं असतं. ते काढायचं आणि गाडीकडच्या दोन पिनांमध्ये हाच लॅम्प जोडायचा. म्हणजे तो मागच्या दिव्यांच्या सिरीजमध्ये आला. लॅम्प बऱ्यापैकी पेटला आणि मागचे दोन दिवे मंद तांबूस दिसले, तर फ्यूजपासून अर्थिंगपर्यंतचा सगळा मार्ग चालू आहे आणि दोष स्विचमध्येच आहे. लॅम्प पूर्ण तेजात आणि मागे अंधार असेल, तर मागे जाणारी वायर वाटेत बॉडीला लागली आहे. काहीच पेटलं नाही, तर वायर कुठेतरी तुटलेली किंवा सप्लायच नाही. मग क्लिप बॉडीला लावून दोन्ही पिना एकेक तपासायच्या, एकीवर तरी उजेड पडला पाहिजे. मागे एलईडी बल्ब बसवले असतील तर हा हिशेब जुळत नाही, तपासणीपुरते साधे बल्ब लावा.

फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर फ्यूज काढून त्याच्या जागी लॅम्प लावा आणि मागचे बल्ब काढून ठेवा. त्याच फ्यूजवर बऱ्याच गाड्यांत इतरही उपकरणं असतात, तीही बंद किंवा सुटी करावी लागतात, नाहीतर त्यांच्यामुळेच लॅम्प पेटलेला दिसेल. शॉर्ट असेल, म्हणजे वायर कुठे बॉडीला लागली असेल, तर लॅम्प लख्ख पेटतो. मग वायरिंग हाताने हलवत पुढे सरकायचं. ज्या जागी लॅम्प विझतो, तिथेच आवरण घासलेलं सापडतं. एकही फ्यूज वाया जात नाही. मीटरने हे काम करता येतं, पण एक डोळा पडद्यावर ठेवून दुसऱ्या हाताने वायर हलवणं जिकिरीचं होतं.

मीटरची बाजूही खरी आहे. गाडी ऑटोमॅटिक असेल तर रिव्हर्सचा संपर्क गिअर निवडणाऱ्या अनेक पिनांच्या स्विचमध्ये असतो आणि त्यातल्या काही वायरी कंट्रोल युनिटला जातात. तिथे २१ वॅटचा लॅम्प टेकवणं धोक्याचं. वायरिंगचा नकाशा समोर ठेवून मीटरच वापरावा. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या, कनेक्टरांना तर कशानेच हात लावू नये. दिवा लागतो पण मंद, अशा तक्रारीतही मीटर सरस ठरतो, मात्र बल्ब लावून. दिवा पेटलेला असताना एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी होल्डरच्या मागून सप्लायच्या टोकावर. अर्ध्या व्होल्टपर्यंत आकडा चालतो, दीड-दोन दिसले तर वाटेत रोध आहे. भार असला की मीटरसारखा नेमका कोणी नाही, हे मान्यच करायला हवं.

लॅम्पची सुई वायरीच्या आवरणात खुपसण्याची सवय मात्र टाळावी. त्या भोकातून पाणी शिरतं आणि आज चांगली असलेली वायर पुढे तिथेच हिरवी पडते. कनेक्टरच्या मागच्या बाजूने पिन सरकवणं बरं. खुपसावीच लागली तर भोक लगेच बंद करावं.

स्विचच बदलायचा ठरला तर खाली भांडं ठेवा, कारण काही गिअरबॉक्सवर तो तेलाच्या पातळीखाली असतो. वॉशर नवीन घ्या. जुना चेपलेला असतो आणि पुन्हा कसला की पाझरतो. जुन्या स्विचच्या कनेक्टरमध्ये तेल दिसलं तर ते आतूनच पाझरलं आहे. कनेक्टरही साफ करून कोरडा करा, नाहीतर नवा स्विच लावूनही संपर्क तुटत राहील.

बिजागरीतल्या वायरीचा तुकडा बदलताना जोड वाकणाऱ्या जागी ठेवू नये, वायरीवरच्या रबरी नळीच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंना घ्यावा, आणि वायरीला थोडी ढील ठेवावी. जोडल्यावर होल्डरला लॅम्प लावून डिकी पाच-सहा वेळा पूर्ण उघडा आणि मिटा. मिटताना दिसावा म्हणून लॅम्पची वायर फटीतून बाहेर घ्या. उजेड एकदाही लुकलुकला नाही, तरच टेप गुंडाळा.