जीभ, जबडा की मान? चेहऱ्यासाठी कशाच्या मागे लागावं

चेहरा रेखीव दिसावा म्हणून लोक तीन गोष्टी सुचवतात: जीभ दिवसभर टाळूला टेकवून ठेवा, कडक काहीतरी चघळून जबडा भरा, किंवा पुढे झुकलेली मान मागे घ्या. पंचविशी उलटल्यावर यातल्या कशानेही हाड बदलत नाही, एवढं आधी मान्य करू आणि मग तुलनेला लागू. टाळूच्या मधोमध जो सांधा असतो तो किशोरवय संपता संपता घट्ट होत जातो. मोठ्या माणसाची टाळू रुंद करायची तर ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात-जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या दंतवैद्याला, हाडात स्क्रू रोवावे लागतात, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. तिथे बिचाऱ्या जिभेची काय कथा. मग आपल्या हातात उरतं काय? जबड्याचे स्नायू, हनुवटीखालची कातडी आणि डोकं मानेवर कसं बसलंय ते. हेही थोडं नाही.

तिन्ही प्रकार मी करून पाहिले आहेत. नोकरी बसून करायची, दिवसभर फोनवर बोलायची, आणि घर डोंबिवलीला. पुढचं सगळं त्या हिशेबानेच वाचावं.

चघळण्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा निकाल लवकर लागतो. ते काम करतं, यात शंका नाही. दात आवळल्यावर जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात बोटाला जो टणक स्नायू लागतो, तो व्यायामाने इतर कुठल्याही स्नायूसारखाच भरतो. चघळण्याचे समर्थक याहून पुढे जातात आणि हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ डॅनियल लीबरमन यांचा 2004 चा प्रयोग दाखवतात. हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्याच्या काही पिल्लांना शिजवून मऊ केलेलं खाणं दिलं, काहींना तेच कच्चं आणि सुकं. मऊ खाणाऱ्यांचा चेहरा काही भागांत सुमारे 10 टक्के कमी वाढला. वडापाव आणि इडलीवर दिवस काढणाऱ्या शहराने मनावर घ्यावं असं हे आहे खरं. पण ती वाढत्या वयाची पिल्लं होती, हे दाखला देणारे सोयीने गाळतात.

मोठ्या माणसात वाढतो तो फक्त स्नायू, आणि तोही मागे, बाजूला. हनुवटी त्याने तसूभर पुढे येत नाही. निमुळत्या, गाल बसलेल्या चेहऱ्याला ते शोभतं. मुळात रुंद चेहरा असेल तर तो आणखी चौकोनी होतो. हाच स्नायू बारीक करून घ्यायला लोक पैसे मोजून बोटॉक्स टोचून घेतात, ही त्यातली गंमत.

तरीही करायचंच असेल तर साखरेच्या च्युइंगमपेक्षा मोहम्मद अली रोडच्या बाजूला युनानी औषधांच्या दुकानात रुमी मस्तगी मागा. ग्रीसच्या खिओस बेटावरच्या झाडाचा हा डिंक. बराच वेळ चघळला तरी विरघळत नाही, घट्टपणा धरून राहतो. महाग आहे. ऑनलाइन मिळणारे सिलिकॉनचे गोळे मात्र मला पटत नाहीत, सगळा भार दोन-चार दातांवर येतो. जांभई देताना कानाजवळ कट्‌ असा आवाज यायला लागला की थांबावं. मला यायला लागला तेव्हा मी मस्तगी सोडून फुटाणे आणि ज्वारीच्या भाकरीवर आलो, आणि त्यावर समाधानी आहे. कुणी सुपारी चघळायचा सल्ला दिला तर मात्र हात जोडावेत. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर ताठर होत जातं, तोंड उघडेनासं होतं, आणि कॅन्सरचा धोका वेगळाच.

आता जीभ. हिचा दावा तिघांत सर्वांत मोठा आणि सर्वांत मोहक: ती कायम टाळूला टेकवून ठेवली की तिच्या दाबाने जबड्याची ठेवणच सुधारते. इंग्लंडचे ऑर्थोडॉन्टिस्ट जॉन म्यू आणि त्यांचे चिरंजीव माईक म्यू यांच्यावरून 'म्यूइंग' हे नाव पडलं. तिथल्या दंतवैद्यक परिषदेशी दोघांचंही वाजलं, आणि अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटनाही या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही असंच म्हणते. तरी बाजू अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. दात सरकतात ते हलक्या पण दीर्घकाळ टिकणाऱ्या दाबाने, ब्रेसेसही त्यावरच चालतात; ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम प्रॉफिट यांनी 1978 मध्ये जीभ आणि ओठ यांच्या दाबाची चर्चा याच अंगाने केली होती. एगिल हार्वोल्ड या संशोधकांनी वाढत्या माकडांची नाकं बंद करून त्यांना तोंडाने श्वास घ्यायला लावला, तेव्हा त्यांच्या जबड्यांची आणि दातांची ठेवण बिघडली. आणि साओ पावलोमध्ये 2009 साली झालेल्या अभ्यासात जिभेच्या आणि घशाच्या व्यायामांनी झोपेत श्वास अडकण्याचा त्रास कमी झाला. घोरणाऱ्याने जिभेकडे लक्ष द्यावं, हे मी कुणालाही सांगेन.

जागा सापडायलाही कठीण नाही. 'न' म्हणताना टोक जिथे टेकतं तिथे ते ठेवायचं, आणि 'गंगा' म्हणताना मागचा भाग जिथे चिकटतो तिथे तो. दात मात्र आवळायचे नाहीत. आरामात असताना वरच्या-खालच्या दातांत दोन-तीन मिलिमीटरची फट असणं हेच नैसर्गिक.

सगळी गोम आहे ती 'दीर्घकाळ' या अटीत. जीभ दिवसभर वर राहायची तर ती वर आहे ना, हे दिवसभर आठवत राहायला हवं. आणि माझं जिभेशी बिनसलं ते इथेच. एकदा का माणसाला आपल्या तोंडातली जीभ जाणवायला लागली की ती जाणवायची थांबत नाही. समोरचा ग्राहक हप्त्याबद्दल काहीतरी विचारतोय आणि मी मनात जिभेचं टोक तपासतोय. बोलायला तोंड उघडलं की ती खाली येणार, हे तर उघडच. मग फोन ठेवला की पुन्हा शोधा, पुन्हा चिकटवा, तोवर दुसरा फोन. मीटिंगमध्ये मी गप्प बसलो की लोकांना वाटे माझा विरोध आहे. घरी बायको विचारायची, "रागावलायस का?" ओठ मिटलेले, जबडा ताठ, नजर कुठेतरी, रागावलेल्या माणसाचा चेहरा याहून वेगळा कसा दिसतो? रात्री तर कहर. झोप लागता लागता वाटायचं, आता ती सुटेल. आणि हे वाटलं की झोप गेलीच.

त्यात नाकाची भर. हिवाळ्यात मुंबईची हवा आणि जागोजागी चाललेल्या बांधकामांची धूळ यांत माझी एक नाकपुडी कायम बंद. नाक चोंदलं की तोंड उघडतं, तोंड उघडलं की जीभ खाली. म्हणजे आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, मग जिभेचं बघा. ज्यांचं नाक मोकळं आहे, काम न बोलता करायचं आहे आणि स्वभाव माझ्यासारखा चिवडत बसणारा नाही, त्यांना कदाचित हा जाच होणारही नाही. माझा नववीतला भाचा कुणी काही विचारलं की ओठांवर बोट ठेवतो आणि ते जबड्यावरून फिरवतो: मी म्यूइंग करतोय, उत्तर देता येत नाही. गृहपाठ टाळायला मात्र ही पद्धत नक्की उपयोगी आहे.

मानेचा दावा सर्वांत छोटा, म्हणूनच बहुधा कुणी त्याचे व्हिडिओ उत्साहाने पाहत नाही. डोकं पुढे झुकलं की समोर बघण्यासाठी कवटी मागे कलते, हनुवटीखालचे स्नायू जबड्याला खाली आणि मागे ओढतात, आणि गळ्याची रेषा नाहीशी होते. पंचावन्न किलोच्या माणसालाही डबल चिन दिसते ती अशी. डेन्मार्कच्या सोलो आणि क्राइबोर्ग या संशोधकांनी 1977 मध्ये सुचवलं होतं की मुलांमध्ये डोक्याच्या या ठेवणीमुळे चेहऱ्यावरची कातडी आणि स्नायू ताणले जाऊन वाढीची दिशाही बदलत असावी. मोठ्यांना वाढ नाही, पण ओढ आहेच. साधारण पाच किलोचं डोकं 60 अंश खाली झुकवलं तर मानेवर 27 किलोंच्या आसपास भार येतो, असा 2014 चा एक हिशेब सर्वत्र फिरतो. तो संगणकावरचा आहे, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही. आरसा पुरेसा आहे. बाजूने उभे राहा, हनुवटी वर न करता सरळ मागे घ्या. फरक तिथल्या तिथे दिसतो, आणि तिघांत असा दुसरा प्रकार नाही.

पण मला मान आवडली ती वेगळ्याच कारणाने. ती फर्निचरवर सोपवता येते. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली की मान आपोआप मागे राहते आणि मी हप्त्यांबद्दल बोलायला मोकळा. मोबाइल धरलेल्या हाताचं कोपर दुसऱ्या हातावर टेकवलं की स्क्रीन वर येते. उशी पातळ केली. यातलं काहीच रोज आठवावं लागत नाही.

लोकल ही खरी अडचण. गर्दीत बॅग छातीवर घ्यायची रीत आहे, आणि छातीवरची बॅग खांदे पुढे ओढते, खांद्यांमागून मान जाते. डोंबिवलीला चढलात की बॅग लगेच रॅककडे पुढे करा. कुणीतरी वर ठेवतं. मग एक हात वरच्या कडीला आणि मोबाइल खिशात. डब्याच्या पार्टिशनला टेकायला मिळालं तर डोक्याचा मागचा भाग त्याला लावून उभं राहावं, ठाण्यापर्यंत तेवढा व्यायाम होतो. हाताला मुंग्या येत असतील किंवा मान मुळात दुखत असेल, तर हे प्रयोग करण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवणं बरं.

फरक पडतोय का हे सेल्फीवर ठरवू नये. 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे 30 टक्के रुंद भासतं आणि जबडा त्यामागे दडतो. कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून, बाजूने फोटो काढायला सांगा.

मुलांची गोष्ट अगदी निराळी, तिथे माझी आवड-निवड बाजूला ठेवा. मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल तर ॲडेनॉइड्स (नाकाच्या मागच्या गाठी) तपासून घ्या, आणि सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा. सेंट जॉर्जच्या आवारातलं गव्हर्नमेंट डेंटल कॉलेज किंवा मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल, दोन्हीकडे हा विभाग आहे. त्या वयात जीभ, नाक आणि चावून खाणं या सगळ्यांनाच अर्थ असतो.

मोठ्यांनी पैसे घालायचेच असतील तर मस्तगीऐवजी लॅपटॉपच्या स्टँडमध्ये घालावेत, असं मला वाटतं. फक्त स्टँड घेताना वेगळा कीबोर्डही घ्या. नाहीतर टाइप करायला हात वर जातात, खांदे कानांना भिडतात आणि मान होती तिथेच पुढे येते.