आंगणात भट्टी लावायची, तर करंटची की गॅसची?

चाक घेऊन झालं, माती मळता यायला लागली, दहा-बारा वाट्या कपाटावर वाळत पडल्या, की सगळ्यांचा एकच प्रश्न, आता भट्टी कोणती घेऊ. यंदा मला तिघांनी विचारलं, तिघंही नागपूरचेच, तिघांच्या घरामागं थोडं आंगण, अन् तिघांनीही भट्टीचे भाव आधीच काढून ठेवलेले. भाव नंतर काढा हो. आधी लाइट बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघा, अन् शेजारच्या काकू कपडे कुठं वाळत घालतात ते बघा, निम्मा निकाल तिथंच लागतो.

गोवऱ्या-तणसाचा आवा, म्हणजे भांडी रचून उघड्यावरच भाजायची जुनी पद्धत, आधी उरकतो. खर्च जवळपास नाहीच, पणत्या-कुंड्या ७०० ते ९०० अंशांत भाजून निघतात, रंग तर असा की दुसऱ्या कशात येणार नाही. पण वस्तीत नाही ना बाप्पा, धूर तासन्‌तास निघतो अन् एप्रिल-मेमध्ये पारा ४५ वर असताना आंगणभर कडुनिंबाचा वाळका पाला पडलेला असतो, एक ठिणगी पुरते. कोणाचं हिंगण्याकडं शेत असेल तर तिथं हिवाळ्यात करा.

राहिल्या दोन. करंटची भट्टी लोकांना सोपी वाटते, बटण दाबलं की झालं, पण हिशोब करा: ७ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर ३० अँपिअर ओढते, म्हणजे साडेतीन गीझर एकदम चालू, तेही आठ-दहा तास. आमच्याकडं वायरमननं एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) मोठा टाकला अन् सॉकेट मात्र एसीचंच, २० अँपिअरचं, ठेवलं. दुसऱ्या भाजणीला रात्री साडेनऊला जळक्या मासळीसारखा वास सुटला, घरात कोणी मासे खात नाही, बघतो तर सॉकेट तपकिरी होऊन पिनांभोवती मऊ पडलेलं. तेव्हापासून प्लग-सॉकेट भानगडच नाही. मेन बोर्डापासून वेगळी लाइन, तांब्याची वायर किमान ६ स्क्वेअर एमएम (आंगण लांब असेल तर १०), ४० चा एमसीबी, भट्टीजवळ आयसोलेटर (लाइन पूर्ण तोडणारा स्विच) अन् पक्की अर्थिंग. मंजूर भार दोन-तीन किलोवॅटच असेल तर महावितरणकडं भार वाढवायचा अर्ज आधी टाका. थ्री फेज घेता आलं अन् भट्टीही थ्री फेजची मिळाली तर उत्तमच, एका फेजवर जेमतेम दहा अँपिअर येतात.

अन् एक खास आपल्याकडचं. मे महिन्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर-एसी सुरू झाले की व्होल्टेज पडतं, २३० चं २०० झालं तर भट्टीची ताकद १३ टक्के नाही, जवळपास २५ टक्के कमी होते, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. मग ९०० च्या पुढं काटा हलतच नाही अन् माणूस म्हणतो कॉइल खराब निघाली. उन्हाळ्यात पहाटे चारला सुरू करा. माझी एक बिस्क भाजणी (ग्लेझ लावायच्या आधीची पहिली) ३५-४० युनिट खाते, पण कूलरच्या महिन्यात बिल आधीच वरच्या स्लॅबमध्ये गेलेलं असतं, त्यामुळे तीच भाजणी डिसेंबरपेक्षा महाग पडते.

गॅसची गोष्ट वेगळी. तांब्याच्या ग्लेझचा (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचा) लाल रंग किंवा सेलाडॉन नावाच्या ग्लेझचा हिरवा हवा असेल तर आत ऑक्सिजन कमी करून भाजावं लागतं अन् ते गॅसवरच नीट जमतं, १२८० अंशही ती आरामात गाठते. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, खाली सरपटत जाऊन खोलगट जागेत बसतो. आता आपल्या आंगणात काय काय असतं ते आठवा, अंडरग्राउंड टाकी, गटाराचं चेंबर, कोणाकडं जुनी विहीर. या सगळ्यांपासून भट्टी अन् सिलिंडर लांबच पाहिजेत. घरातलं १४.२ किलोचं सिलिंडर याला लावता येत नाही, १९ किलोचं कमर्शियल घ्यावं लागतं. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह नसेल तर ती भट्टी फुकट मिळाली तरी नको. ऑक्सिजन कमी केला की कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, म्हणून तिन्ही बाजूंनी भिंती असलेल्या शेडमध्ये गॅसची भट्टी लावूच नये. हिवाळ्याच्या रात्री सिलिंडरवर दव-बर्फ जमून प्रेशर पडतं, तेव्हा दोन सिलिंडर जोडतात. काही लोक सिलिंडरखाली शेगडी ठेवतात, काहून जिवावर उठता भौ.

माझं मत सांगतो. कप-वाट्या-प्लेटा, १२२० अंशांपर्यंतचं स्टोनवेअर (जास्त तापवून भाजलेली घट्ट भांडी), आंगण १५ बाय २० फुटांच्या आतलं, तर डोळे मिटून करंटची घ्या. गॅस तेव्हाच, जेव्हा लाल रंगाचा ध्यासच लागलाय, चारी बाजूंनी हवा खेळते अन् पूर्ण वेळ भट्टीजवळ उभं राहायची तयारी आहे. करंटचीही लावून झोपू नका म्हणा, कंट्रोलरचा कॉन्टॅक्टर (भट्टीचा करंट चालू-बंद करणारा स्विच) चिकटला तर भट्टी बंदच होत नाही.

जागेचं दोघींना सारखंच. भिंतीपासून किमान दीड फूट, वर पत्रे उंच, अन् उन्हाळ्यात आपण जी हिरवी जाळी बांधतो ती आसपास नकोच, प्लास्टिक वितळून खाली टपकतं. कूलरची खसही लांब. खाली काळी माती असेल तर सरळ ओटा ओतू नका, पावसात ती फुगते, उन्हाळ्यात फाटते. माझा पहिला ओटा दुसऱ्याच जूनमध्ये कोपऱ्यातून तडकला, भट्टी एका पायावर अशी कलली की झाकण बसेना. दोन फूट खोदून काळी माती काढली, मुरूम भरून धुमस केला, मग काँक्रीट, तेव्हा टिकलं. त्या ओट्याला दोन-तीन आठवडे पाणी मारायचं असतं अन् भाराच्या अर्जालाही वेळ लागतो, तोवर ज्याच्याकडं भट्टी आहे त्याला भट्टीतला एक शेल्फ मागा अन् कपाटावरच्या वाट्या भाजून घ्या.