जपमाळ की मौन प्रार्थना?

देवाच्या प्रेमाविषयी प्रवचनात ऐकणे पुरेसे वाटत नाही, ते अनुभवायचे आहे, तर रोज संध्याकाळी जपमाळ, म्हणजे मण्यांवर म्हणायची कॅथलिक प्रार्थना (रोझरी), म्हणावी की शांत बसावे, असे वसईच्या माझ्या मावसबहिणीने विचारले.

वेळेचा हिशेब सोपा आहे. दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची आणि सुरुवातीच्या तीन मण्यांची, अशी एकूण 53 मण्यांवर येशूची आई मरिया हिला वंदन करणारी माळ साधारण वीस मिनिटांत पूर्ण होते. मौनाला अशी मर्यादा नाही, आणि पहिली दहा मिनिटे मन गॅसवरच्या दुधाकडेच धावते.

खरा फरक श्रमांत आहे. जपमाळेत शब्द तयार असतात. आजारपणाच्या अखेरीस माझ्या आईला वाक्य जुळवता येत नव्हते, तरी तिचा अंगठा मण्यावरून मण्यावर सरकत असे. मात्र ख्रिस्तजीवनातील रहस्यांवर, म्हणजे माळेच्या प्रत्येक गटासोबत आठवायच्या त्याच्या जीवनातील प्रसंगांवर, मनन सुटले की उरते ती केवळ पुटपुट, आणि घाईत म्हटलेल्या कौटुंबिक माळेत हे सर्रास घडते. मौनात लपायला शब्दच नसतात. प्रार्थनेला मित्राशी केलेला संवाद मानणाऱ्या स्पेनमधील आविलाच्या जोगीण संत तेरेजा (1515–1582) यांनीही, आपण कित्येक वर्षे तास संपण्याचे ठोके केव्हा पडतात याकडे कान लावून बसत होतो, अशी कबुली दिली आहे.

शोकात, थकव्यात किंवा घरच्यांसोबत प्रार्थना करणाऱ्याने माळ घ्यावी. पाठ केलेले शब्द कोरडे वाटू लागलेल्याने, एकांत मिळत असल्यास, शुभवर्तमानातील (बायबलमधील येशूच्या चरित्रातील) एक ओळ वाचून मौन धरावे. बहिणीला मी तूर्त माळच सुचवली. तिचे बाळ चार महिन्यांचे आहे.