चाइल्डमाइंडरकडच्या जेवणाचे पैसे: इंग्लंडमधल्या तीन पद्धती पारखून

इंग्लंडमध्ये मूल चाइल्डमाइंडरकडे ठेवायचं ठरलं की तासाचा दर सगळेच विचारतात. जेवणाचा हिशेब मात्र बहुतेकांना पहिलं बिल हातात आल्यावर कळतो. ही सोय आपल्याकडच्या घरगुती पाळणाघरासारखीच आहे. बाई स्वतःच्या घरात मुलं सांभाळते आणि तिची नोंदणी ऑफस्टेडकडे (शाळा आणि बालसंगोपन तपासणारी सरकारी संस्था) किंवा चाइल्डमाइंडर एजन्सीकडे असते. एकटी असेल तर तिला आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं ठेवता येतात आणि त्यांत पाच वर्षांखालची साधारण तीन. म्हणजे दुपारच्या स्वयंपाकाचा खर्च तीन-चार ताटांवरच वाटला जातो, मोठ्या नर्सरीसारखा पन्नास-साठ ताटांवर नाही. दोन्हींच्या जेवणाच्या दरांची तुलना करताना हे आधी लक्षात घ्यावं.

पैसे घेण्याच्या पद्धती मुख्यतः तीन: सगळं धरून एकच दर, प्रत्येक जेवणाचा वेगळा दर, आणि घरचा डबा. यांत वेगळा दर सर्वांत चांगला, पण डब्याची मुभा त्याच्या जोडीला असेल तरच.

'सगळं धरून' ऐकायला सोपं वाटतं. सकाळचं खाणं, दुपारचं जेवण, मधला खाऊ आणि साडेचार-पाचचा 'टी' (म्हणजे चहा नव्हे, मुलांचं संध्याकाळचं खाणं) सगळं तासाच्या दरात. सगळे तास तुम्ही स्वतःच्या खिशातून भरत असाल तर हे ठीक चालतं. घोळ होतो तो सरकारी अनुदानाचे तास सुरू झाल्यावर. सप्टेंबर २०२५ पासून पात्र नोकरदार आईवडिलांच्या मुलांना नऊ महिन्यांच्या वयापासून आठवड्याला ३० तास मिळतात, वर्षाचे ३८ आठवडे. ते पैसे काउन्सिलमार्फत (म्हणजे स्थानिक पालिकेमार्फत) चाइल्डमाइंडरला मिळतात आणि ते फक्त सांभाळण्याचे असतात. जेवण, डायपर, सहली त्यात धरलेल्या नाहीत. काउन्सिलचा दर तिच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी पडला तरी फरक पालकांकडून घेण्याची तिला परवानगी नाही. त्यामुळे काल तासाच्या दरात बसलेलं जेवण आज कुठेच बसत नाही.

मग काही ठिकाणी बिलात दिवसागणिक एकच ठोक आकडा येतो आणि त्यावर 'इतर वस्तू' असं काहीतरी लिहिलेलं असतं. तीनही पद्धतींत मिळून सगळ्यांत वाईट बिल हेच. जेवण किती, ओले वाइप्स किती, रंग-कागद किती, काहीच कळत नाही. सरकारच्या २०२५ च्या सुधारित मार्गदर्शनात अनुदानाचे तास, विकतचे तास, खाणं, खाण्याव्यतिरिक्त वस्तू आणि उपक्रम हे बिलात वेगवेगळे दाखवावेत असं स्पष्ट आहे. शिवाय अनुदानाच्या तासांतलं जेवणाचं शुल्क ऐच्छिक असतं. ते भरलं नाही म्हणून जागा नाकारता येत नाही, डबा आणण्यासारखा पर्याय द्यावा लागतो. ठोक आकडा दिसला तर न संकोचता फोड मागावी. चांगली चाइल्डमाइंडर ती लगेच देते, कारण तिच्या वहीत ती आधीच मांडलेली असते.

तास वर्षभर पसरून घेतले असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. ३० गुणिले ३८ म्हणजे ११४० तास. ते ५१ आठवड्यांवर पसरले की आठवड्याला जेमतेम २२ तास येतात. जेवणाचे पैसे मात्र मूल प्रत्यक्ष जेवतं त्या दिवसांचेच लागायला हवेत, महिन्याला ठरावीक रक्कम म्हणून नव्हे.

वेगळ्या दराची पद्धत नीट राबवली तर तिचा हिशेब साधा असतो: कच्चा माल, गॅस-वीज, आणि वाया जाणारं. वरणभाताचं उदाहरण घेऊ. पाच लहान मुलांना २०० ग्रॅम तांदूळ आणि १२५ ते १५० ग्रॅम तूरडाळ पुरते. जोडीला एक गाजर, मूठभर मटार आणि फळ. पास्ता करायचा असेल तर मुलामागे ४० ग्रॅम कोरडा धरला की ५०० ग्रॅमच्या पाकिटात बारा ताटं निघतात. ब्रिटिश आरोग्यसेवेचा अंदाज आणखी सोपा आहे: मुलाच्या स्वतःच्या तळहातात मावेल तेवढी भाजी किंवा फळ हा त्याचा एक वाटा. हिशेब चुकतो तो मालाच्या किमतीमुळे कमी आणि वाया जाण्यामुळे जास्त. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या मापाने वाढलं की अर्धं कचऱ्यात जातं, आणि तेही दरात धरलं जातं. थोडं वाढून पुन्हा मागितलं तर देणाऱ्या घरात दर कमी राहतो आणि मूलही जास्त खातं.

मुलं जेवताना चाइल्डमाइंडर त्यांच्यासमोर बसलेली असते, त्या वेळेचे पैसे जेवणाच्या दरात यायला नकोत. तो वेळ तासाच्या दरात आलेलाच आहे, आणि जेवताना मुलं नजरेच्या व कानाच्या टप्प्यात असणं हा तसाही नियमच आहे. आदल्या रात्री सूप करून फ्रीझरमध्ये ठेवलं, तर त्या कष्टाचे थोडे पैसे लावणं मात्र रास्त आहे.

गैरहजेरीचा नियम करारात लेखी हवा. आदल्या संध्याकाळपर्यंत कळवलं तर जेवणाचे पैसे नाहीत, सकाळी कळवलं तर लागतील, हा नियम दोन्ही बाजूंना न्याय्य वाटतो. सकाळपर्यंत भाजी चिरून झालेली असते आणि सहापैकी एक ताट कमी झालं तरी स्वयंपाक तेवढाच करावा लागतो. दहा महिन्यांचं बाळ दोन चमचे मऊ भात खातं, त्याला चार वर्षांच्या मुलाएवढाच दर लावला असेल तर तो कमी करून मागा.

दुधाचा खर्च बिलात वेगळा दिसला तर थांबा. नर्सरी मिल्क योजनेखाली पाच वर्षांखालचं मूल दिवसात दोन तास किंवा जास्त राहिलं तर त्याला रोज १८९ मिली, म्हणजे तिसरा हिस्सा पाइंट, दूध मोफत मिळतं. चाइल्डमाइंडर दूध विकत घेते आणि खर्च योजनेकडून परत घेते. तीन मुलं असली तर रोजचा एक पाइंट, आठवड्याला पाच. एक वर्षाखालच्या बाळासाठी त्याऐवजी फॉर्म्युला दूध चालतं, पण ओट किंवा बदामाचं दूध योजनेत बसत नाही. या योजनेत नाव घालायचा कंटाळा केला की तो भार विनाकारण पालकांवर पडतो.

डबा हा सर्वांत स्वस्त पर्याय, पण मराठी घरातल्या डब्याला इथे काही अडचणी येतात. शेंगदाण्याचा कूट बऱ्याच ठिकाणी चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण इथल्या कायद्यातल्या चौदा ॲलर्जन्समध्ये (ॲलर्जी आणणाऱ्या घटकांत) तीळ आणि मोहरीही आहेत. म्हणजे साधी फोडणीसुद्धा सांगावी लागते. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा ग्लूटेन टाळणारं मूल त्या घरात असेल तर हिंगाच्या डबीवरची घटकांची यादीही वाचून सांगा. डब्याच्या झाकणावर पदार्थाचं नाव, त्यातले ॲलर्जन्स आणि तारीख चिकटवलेली असली की प्रश्न मिटतो.

भाताबाबत तर विशेष काळजी हवी. शिजलेला भात उबदार जागी राहिला की त्यातले बॅसिलस सेरियसचे जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून रात्रीचा भात तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये ठेवायचा, चोवीस तासांत संपवायचा आणि एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करायचा. सकाळी कोमट खिचडी डब्यात भरून दिली तर ती दुपारपर्यंत नेमकी घातक तापमानात राहते. थर्मासमध्ये द्यायची असेल तर थर्मास आधी उकळत्या पाण्याने तापवा आणि खिचडी कडकडीत गरम भरा, ६३ अंशांच्या खाली जाता कामा नये. त्यापेक्षा पोळीचा रोल, भाजी भरलेला पराठा किंवा दहीपोळी आइस पॅकसोबत दिली तर त्रास कमी. लोणचं आणि पापड डब्यात नको. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मीठ दोन ग्रॅमच, आणि लोणच्याच्या एका फोडीत त्यातला बराच वाटा जातो. द्राक्षं लांबीत चार तुकडे करूनच, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे किंवा काजू कधीच नाहीत.

डबा गरम करून वाढण्याचे वेगळे पैसे मागितले जात असतील तर ते देऊ नका. मायक्रोवेव्हची दोन मिनिटं हा सांभाळण्याचाच भाग आहे.

स्वतः नोंदणी करून हे काम सुरू करणाऱ्या मराठी बायकांसाठी दोन गोष्टी. मुलांच्या जेवणाचा प्रत्यक्ष खर्च करातून वजा होतो, पण घरच्यांचं जेवण होत नाही. दुकानात एकाच ट्रॉलीत दोन्ही सामान घेतलं तरी काउंटरवर दोन वेगळ्या पावत्या करून घ्या. वर्षअखेरीस एका लांबलचक पावतीतून मुलांच्या केळ्यांची किंमत शोधायची वेळ येत नाही. एक हजार पौंडांची सरसकट ट्रेडिंग सवलत (प्रत्यक्ष खर्चाऐवजी उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम) घेतली तर मात्र यातला कुठलाच खर्च वजा करता येत नाही, तेव्हा आधी दोन्ही आकडे मांडून बघा. दुसरं, जेवणाचा दर वर्षातून एकदाच आणि चार आठवडे आधी लेखी कळवून बदला, म्हणजे सप्टेंबरमध्ये नवीन मूल येतं तेव्हा जुन्या आणि नव्या पालकांच्या बिलात एकच आकडा असतो.